सेजलसाठी वेगळी चिठ्ठी

कापडे,
२१ नोव्हेंबर २०२४

आदरणीय चारुशीलाबाईंना,
निशाचा नमस्कार.

परवा फोन केला होता. तुम्ही "हॅलो, कोण, जोरात बोला" म्हणालात आणि ठेवून दिलात. तुमच्या भाच्याला, आमोदला विचारलं, तर तो म्हणाला, कानाचं मशीन आत्याने पुन्हा कपाटात ठेवलंय आणि मोबाईलवरची अक्षरं तिला मुंग्यांएवढी दिसतात. म्हणून कागद-पेन घेऊन बसले. आमच्या शाळेतले किशोर सर रोज महाडहून मोटरसायकलने येतात, आता तेच आपले पोस्टमन. पत्र त्यांच्या डब्याच्या पिशवीतून येणार, तेव्हा आमटीचा डाग दिसला तर रागावू नका.

बातमी चांगली आहे. कापणी-झोडणी आटपली आणि खालच्या शेतात आम्ही कबड्डीचं मैदान केलं. मुलींनीच ढेकळं फोडली, पाणी मारलं, चोपून सपाट केलं. चौदा मुली येतात. त्यातली एक सेजल. बारावीत आहे, वडील नाहीत, आई आवडी दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जाते. बाई, हिची चढाई एकदा बघाच. पकडायला आलेल्या मुलींची साखळी तिच्यावर मिटत येते आणि ही त्यातून कशी निसटते ते मलाही कळत नाही. जिल्ह्याच्या संघाच्या निवड चाचणीला तिचं नाव लागलंय, आठ डिसेंबरला पनवेलला. तिथून राज्याचा संघ, आणि राज्य खेळली की खेळाडू म्हणून पोलिसात जायचं, असं तिने ठरवून टाकलंय. घराच्या दारावर खडूने "कॉन्स्टेबल सेजल" लिहून ठेवलंय. आवडी रोज पुसते, ही रोज लिहिते.

तुम्ही मला शिकवलं तेच मी तिला शिकवलंय. परत वळताना एक पाय जमिनीत घट्ट रोवायचा आणि त्याच पायावर अंग फिरवायचं. मैदानाबाहेरून मी तुमच्यासारखीच ओरडते, "रोव!" मुली मागून माझी नक्कल करतात.

एकच धाकधूक आहे. चाचणी मॅटवर आहे, बूट घालून. आमच्या पोरी मातीत अनवाणी खेळलेल्या. काही सुचवायचं असेल तर लिहा.

तुमची
निशा


महाड,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. निशा हिस अनेक आशीर्वाद.

डाग आमटीचा नव्हता, लोणच्याचा होता. किशोर सरांना सांग, बरणीचं झाकण घट्ट लावा.

मशीन कपाटात ठेवलंय कारण त्यातून माणसांपेक्षा पंखा जास्त ऐकू येतो. दोन वर्षांत मी लोकांच्या तोंडाकडे बघून मान डोलवायला शिकले आहे. लोक खूश असतात. निवृत्त मास्तरणीकडून त्यांची दुसरी अपेक्षाही नसते.

सेजलचं वाचून मला झोप लागेना. एकतीस वर्षं मी मुली घडवल्या. राज्य गाजवेल अशी चढाई त्यातल्या एकीचीच होती, आणि तिने वीस वर्षांची असताना लग्न करून खेळ सोडला. दोन हजार सहाची ती राज्य चाचणी आठवली की तुझ्या नवऱ्याचा मला अजून राग येतो. जावई म्हणून भला आहे, पण त्याला वर्षभर थांबायला काय झालं होतं? जाऊ दे. जे तुझ्याकडून राहिलं ते आता या पोरीकडून करून घे.

किशोर सरांकडून तिच्या पावलाचं माप मागवलं होतं, ते तू वर्तमानपत्रावर पेन्सिलने काढून पाठवलंस. त्या मापाचे बूट या पिशवीत आहेत. आमोदला तीन दुकानं फिरवली. खास मॅटवरचे आहेत, तळ मॅटला चिकटतो. मॅटला घाबरायचं कशाला? मातीत पाय बोटभर सरकतो, मॅटवर तेवढाही सरकणार नाही. आपल्या पद्धतीला ते सोयीचंच आहे. रोवलेला पाय रोवलेलाच राहील.

बूट तिला चाचणीच्या दिवशीच घालू दे, शेतात घालून चिखल लावू नकोस. निकाल लागला की लगेच कळव.

तुझी
चारुशीलाबाई


कापडे,
१५ डिसेंबर २०२४

आदरणीय बाई,
नमस्कार.

कळवायला उशीर झाला, क्षमा करा. सेजलची निवड झाली नाही. तिसऱ्या चढाईत ती पडली आणि डावा पाय मुरगळला. थोडी सूज आहे. वरंधला हाड बसवणारे एक आजोबा आहेत, त्यांच्याकडे नेलं होतं. त्यांनी चोळून पाला बांधून दिलाय. काळजीचं कारण नाही.

बूट फार छान होते. पनवेलच्या मुलीसुद्धा हात लावून बघत होत्या. सेजलने घरी आल्यावर ते पुसून परत खोक्यात ठेवलेत.

ती तुम्हाला नमस्कार सांगते. दोन-तीनदा मला म्हणाली, "मॅडम, बाईंना विचारा ना, माझं काय चुकलं?" म्हणून विचारते.

तुमची
निशा


महाड,
१८ डिसेंबर २०२४

चि. निशा हिस अनेक आशीर्वाद.

मुरगळलेल्या पायाचं एवढं दुःख करू नका. पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी आहे, पोरगी सतराची तर आहे. तुझं पत्र मात्र अगदी चार ओळींचं. सरकारी परिपत्रकातसुद्धा याहून जास्त मजकूर असतो.

पाय आळशी ठेवू नको. सूज उतरली की कामाला लाव. तिने मला विचारलंय, तर उत्तरही तिलाच देते. सोबत तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी आहे. तू वाचलीस तरी चालेल, पण तिच्या हातात दे.

तुझी
चारुशीलाबाई

(सोबतची चिठ्ठी)

चि. सेजल,

तू मला पाहिलेलं नाहीस, मीही तुला नाही. पण निशा मॅडमची मी बाई, म्हणजे तुझी आजीबाई. काय चुकलं असं विचारलंस, ते आवडलं. जो विचारतो तो सुधारतो.

तू पडलीस कारण पाय पुरता रोवला नाहीस. आणि रोवला नाहीस कारण मांड्या कच्च्या आहेत. ही चिठ्ठी मिळाल्याच्या दहाव्या दिवसापासून रोज शंभर उठबशा आणि पन्नास बेडूकउड्या. दुखेल. दुखलं म्हणजे मांडी पक्की होते आहे असं समज आणि थांबू नकोस. तुझ्या मॅडमनेही हेच केलं होतं.

आशीर्वाद.
चारुशीलाबाई


महाड,
२० जानेवारी २०२५

चि. निशा हिस,

महिना झाला. किशोर सरांना विचारलं तर ते माझ्याशी जोरात काहीतरी बोलले आणि मोटरसायकल चालू केली. सेजल उड्या मारायला लागली का? चिठ्ठी तिला आवडली का? तुला बरं नाही का? दोन ओळी लिही, परिपत्रक पाठवलंस तरी चालेल.

चारुशीलाबाई


कापडे,
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,

हे पत्र मी चारदा सुरू केलं. तुम्ही खुर्चीत बसून वाचा.

सेजलचा पाय मुरगळला नव्हता. गुडघ्याच्या आत एक दोर असतो, तो वरचं हाड आणि खालचं हाड धरून ठेवतो. तो तुटला आहे. डिसेंबरात मी तुम्हाला खोटं लिहिलं. त्या वेळी मला नक्की माहीत नव्हतं हे खरं, पण तिची किंकाळी मी ऐकली होती. तशीच एक मी पूर्वी ऐकलेली आहे, ते पुढे लिहिते.

सूज उतरेना म्हणून दहा जानेवारीला तिला महाडला ईराताईंकडे नेलं. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत, तुमच्या गल्लीपासून लांब नाहीत. त्यांनी तिची पोटरी धरून पुढे ओढली तर ती टेबलाचा खण यावा तशी पुढे आली. मग पनवेलला एमआरआय केला, त्यातही तेच आलं.

ईराताईंनी विचारलं, "पडली तेव्हा कुणाचा धक्का लागला?" आमच्या संघातल्या मानसीने ती चढाई मोबाईलवर घेतली होती, ती दाखवली. बाई, कुणी तिला हातसुद्धा लावला नव्हता. कोपऱ्यातल्या मुलीला शिवून ती वळली. बूट मॅटला धरून राहिला, गुडघा आत झुकला आणि अंग फिरलं. ती खाली बसली ती उठलीच नाही. आणि त्याच्या क्षणभर आधी त्या व्हिडिओत एक आवाज येतो, "रोव, सेजल, रोव!" तो माझा आहे. ईराताईंनी तीनदा लावला. तिसऱ्यांदा त्यांनी आवाज बंद केला.

त्यांनी जे सांगितलं ते तसंच लिहिते. मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. पळत येऊन थांबताना, उडीवरून उतरताना त्यांचा गुडघा आत कलतो. मांडीच्या पुढचा स्नायू ओढत राहतो, मागचा अपुरा पडतो. पाय ठोकून त्यावर गर्रकन फिरायचं नसतं. गुडघा वाकता आणि मोकळा ठेवून, छोटी छोटी पावलं टाकत वळायचं. हे शिकवता येतं. आठवड्यातून तीनदा पंधरा-वीस मिनिटं नीट सराव घेतला तर यातल्या बऱ्याच दुखापती टळतात. त्या म्हणाल्या, "उडी मारल्यावर उतरायचं कसं, हे मुलींना कुणी शिकवतं का?" मी म्हटलं, "चढाई शिकवतो, पकड शिकवतो. उतरायचं काय शिकवायचं?"

मातीत पाय बोटभर सरकायचा, त्यावरच आपण इतकी वर्षं निभावून नेलं.

आता माझं. दोन हजार सहात मी लग्नासाठी खेळ सोडला नाही. त्या राज्य चाचणीत वळताना माझा गुडघा गेला, आणि तशीच किंकाळी माझ्या तोंडून निघाली होती. तुम्ही म्हणालात, मांड्या कच्च्या आहेत. मी वर्षभर उठबशा काढल्या. गुडघा दर महिन्याला दगा द्यायचा. शेवटी वाटलं, आपल्यातच दम नाही, बाईंना काय तोंड दाखवायचं? स्थळ आलं, होकार दिला आणि तुम्हाला लग्नाचं कारण सांगितलं. आज मला भाताच्या लावणीला वाकता येत नाही, जिना उतरताना कठडा लागतो. अठरा वर्षं मला वाटत होतं की दोष माझ्या मांड्यांचा.

आणि सगळ्यात वाईट राहिलंच. तुमची चिठ्ठी मी सेजलला डिसेंबरातच दिली होती. ईराताईंनी दहा जानेवारीला सांगितलं, उड्या बंद, उठबशा बंद. मी सेजलला म्हटलं, विश्रांती घे. पण "बाईंची चिठ्ठी चूक आहे, फाडून टाक," एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मला वाटलं ती आराम करते आहे. ती मात्र आई कामाला गेली की गोठ्यामागे चिठ्ठीतलं सगळं करत होती. दोन फेब्रुवारीला तिचा गुडघा अडकला, सरळही होईना आणि वाकेनाही. दोर तुटलेल्या गुडघ्यावर उड्या मारून हाडांमधली गादीही फाटली. आता ऑपरेशन एप्रिलमध्ये, मुंबईला. फाटलेली गादी थोडी काढावी लागेल, ती परत येत नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, चालेल, फिरेल, पण पोलिसातल्या धावण्याचं आत्ता मनात धरू नका.

दारावर आता काही लिहिलेलं नसतं.

निशा


महाड,
१४ फेब्रुवारी २०२५

निशा,

पहिल्या दिवशी मला राग आला. कालची फिजिओथेरपिस्ट मला शिकवणार? तशा अर्थाचं पत्रही लिहिलं. दुसऱ्या दिवशी जुनी वही काढली. मी प्रत्येक मुलीच्या नावापुढे तिने खेळ का सोडला ते लिहीत असे. "लग्न." "गुडघा, मग लग्न." "गुडघा." "घरचे." "गुडघा." "मांड्या कच्च्या, गुडघा." अकरा गुडघे आहेत, निशा. माझ्याच अक्षरात. एका पानावर एक असल्यामुळे मी ते कधी एकत्र वाचले नाहीत. तुझ्यापुढे "लग्न" आहे.

मी तुला एकदाही विचारलं नाही. तू लंगडत होतीस ते मला दिसलं होतं. मला वाटलं, लाडात आली आहे.

काल ईराताईंकडे जाऊन आले. कागदावर प्रश्न लिहून नेले होते, त्यांनी उत्तरं लिहून दिली. पोरगी हुशार आहे आणि माझ्याशी फार चांगली वागली, त्यामुळे मला आणखी वाईट वाटलं.

रविवारी आमोद मला कापड्याला आणतो आहे. सगळ्या मुलींना आणि आवडीला बोलाव. मला सेजलला समोरासमोर सांगायचं आहे. चूक कागदावर केली, कबुलीही कागदावरच दिली असं नको.

चारुशीलाबाई


महाड,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. निशा हिस,

काल घरी पोचले. चहा फार गोड होता, आवडीला सांग.

मी बोलले ते सगळ्यांना ऐकू गेलं असेलच, बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. मी म्हणाले, "सेजल, तुझ्या मांड्या कच्च्या नव्हत्या. तुला सांगितलं तसं तू अगदी बरोबर केलंस, म्हणूनच तुझा गुडघा गेला. सांगणारी चुकली. ती मी." हे घरून पाठ करून आले होते. पुढचंही पाठ केलं होतं, ते विसरले.

मग ती बोलली. खुर्चीत बसून, मातीकडे बघत, बराच वेळ बोलली. खाली बघत होती म्हणून मला ओठ दिसले नाहीत. मी सवयीने मान डोलवत राहिले. मध्येच आवडीने तोंडाला पदर लावला. मानसी उठून बांधाकडे गेली. तू हाताने मला "सगळं ठीक" अशी खूण केलीस. गाडीत आमोदने कागदावर लिहून दिलं, "ती म्हणाली, ठीक आहे, होतं असं."

निशा, एवढा वेळ बोलून कुणी "ठीक आहे" म्हणत नाही. आणि खूण करताना तुझा चेहरा पांढरा पडला होता. मी तुला बारा वर्षांची असल्यापासून ओळखते.

ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिही. शिव्या असतील तर शिव्या लिही. मला आता मान डोलवायची नाही.

चारुशीलाबाई


कापडे,
२० फेब्रुवारी २०२५

बाई,

या आधी एक पत्र लिहून किशोर सरांच्या पिशवीत टाकलं होतं. त्यात सेजल म्हणाली की बाई आल्या, बरं वाटलं, असं लिहिलं होतं. शाळा सुटताना ते परत काढून घेतलं.

ती तुमच्याशी बोलतच नव्हती. तुमच्याबद्दल एवढंच म्हणाली, "बाई लांब ऱ्हातात. त्यांनी मला कदी बघितलं पन नाय. त्यांना जे खरं वाटलं ते त्यांनी लिवलं, त्यांच्यावर माजा राग नाय." पुढचं सगळं मला होतं.

ती म्हणाली, "मॅडम, तुमी एकदा गोठ्यामागं आला होतात. डॉक्टरताईकडं जाऊन आल्यावर. मी उड्या मारत होते. तुमी कुडाच्या भिंतीआड उभ्या होतात, तुमची निळी ओढणी मला दिसली. मला वाटलं, मॅडम बघायला आल्यात, म्हनून मी आनखी जोरात मारल्या. लय दुखत होतं. वीस झाल्या असतील. मग तुमी गेलात. हाक पन नाय मारलीत."

आवडीने पदर लावला तो तेव्हा.

बाई, हे खरं आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं की मला वाटलं ती आराम करते आहे. मला माहीत होतं. तेवीस जानेवारीची गोष्ट. ईराताईंनी लिहून दिलेला कागद माझ्या पर्समध्ये होता. तिला थांबवायलाच गेले होते. कुडापाशी उभी राहिले आणि तिला बघताना मनात आलं, बाई म्हणतात तर होईल बरी. बाईंचं खोटं कसं असेल? आणि तिचा गुडघा उड्यांनी बरा झाला तर माझं आयुष्यही काही फुकट गेलं नाही, मीच तेव्हा कमी पडले, असं म्हणता येईल. ईराताईंचं खरं मानलं तर मात्र ती अठरा वर्षं मी कुठे ठेवणार होते? एवढा विचार मी तिच्या वीस उड्या होईपर्यंत केला आणि घरी आले.

आमोद भला मुलगा आहे, त्याला रागावू नका. तुम्हाला काय लिहून द्यायचं हे मीच त्याला गाडीपाशी सांगितलं होतं.

मैदानावर आता ईराताई दर शनिवारी येतात. मुलींना उडी मारून उतरायला शिकवतात, मीही त्यांच्या मागे उभी राहून शिकते. सेजल येत नाही. मी रोज तिच्या घरी जाते. ती पुस्तक तोंडापुढे धरते आणि आवडी मला बाहेरच पाणी देते.

ऑपरेशन आठ एप्रिलला आहे. काल आवडी म्हणाली, "मॅडम, तुमी नका येऊ. पोरगी नको म्हनते." आवडी मुंबईला एकदाच गेली आहे, इस्पितळात काय विचारायचं, कुठे सही करायची, तिला काही कळणार नाही. बाई, तुम्ही जाल का तिच्याबरोबर? सेजल तुम्हाला नाही म्हणणार नाही, मी मानसीकडून विचारून घेतलंय. मशीन तेवढं कानाला लावा. डॉक्टर काय सांगतात ते नीट ऐका आणि सेजलला त्यातलं सगळं सांगा. मी इस्पितळाच्या फाटकाबाहेर थांबेन. तिला कळू देऊ नका.

निशा